राज्य कुणावर

सारेमा बेटावर दुसऱ्या दिवशीही
फोन म्हणत होता : चार मीटर.
उत्तरेला चार, मग वळलं की दक्षिणेला चार.
हेरंब जुनिपरच्या झुडपात कमरेपर्यंत,
पँटला काटे, दातांत पेन्सिल,
जणू व्हिसाच्या रांगा, तीन विमानं, एक फेरीबोट
हे सगळं आम्ही केलं ते एका डब्यासाठी.
डब्यासाठीच केलं होतं, खरं सांगायचं तर.
मुठीएवढा, हिरव्या झाकणाचा,
कुण्या अनोळखी माणसाने लपवलेला
कुणाही अनोळखी माणसासाठी.

खूण म्हणून एकच ओळ मिळाली होती :
भिंत जिथे थकते, तिथे.
भिंत तर सगळीकडेच थकलेली.
चुनखडीचे दगड, मध्ये माती नाही, सिमेंट नाही,
एकमेकांच्या भरवशावर नुसते टेकलेले.
प्रत्येक फटीत बोटं घातली.
गोगलगाय. शेवाळ. गारठा.

या खेळात एक नियम असतो :
कुणी पाहत असेल
तर साळसूदपणे ढगांकडे बघायचं.
म्हातारा सायकल धरून उभा होता.
आम्ही ढगांकडे बघितलं.
बराच वेळ बघितलं.
तो उभाच.
मग त्याने सायकल भिंतीला टेकवली,
बाह्या वर सारल्या
आणि आमच्याबरोबर शोधू लागला,
काय हरवलंय ते न विचारता.

एंडेल, असं छातीवर हात ठेवून म्हणाला.
थोड्या वेळाने मानेनेच म्हणाला, चला.
स्वयंपाकघरात काळा पाव बाजूला सारून
त्याने टेबलावर बुटांचं एक खोकं ठेवलं.
एकेक वस्तू बाहेर, भुवया वर : तुमचं?
चष्मा, एक काडी मोडलेला. तुमचा?
किल्ली. कॅमेऱ्याचं झाकण.
लाल लोकरीचा हातमोजा, फक्त डावा.
(त्याने तो इतक्या आशेने पुढे केला
की हो म्हणता म्हणता राहिले.)
आणि अगदी तळाशी
हिरवं झाकण.

फोनवर त्याची नात आली, त्रीनू.
“आजोबा म्हणतात, सहा वर्षं झाली,
कुठल्या कुठल्या देशांतून बिचारे येतात,
आमच्या भिंतीत काहीतरी शोधतात.
हा डबा सापडला तेव्हा जपून ठेवला,
ज्याचा असेल तो मागायला येईल म्हणून.
पण ते जवळ गेले की
सगळे ढगांकडे बघतात
आणि निघून जातात.”

खेळ आहे, हे तिला सांगायला मला तीन वाक्यं पुरली.
तिला त्याला सांगायला फार वेळ लागला.
आधी त्याचे कान लाल झाले.
मग तो हसला, खोकला येईपर्यंत,
मग नुसता खोकलाच.

वहीत शेवटचं नाव सहा वर्षांपूर्वीचं.
हेरंबने पेन्सिल टेकवली, थांबला,
एंडेलपुढे सरकवली. आधी तुम्ही.
त्याने शाळेत लिहावं तसं लिहिलं,
एकेक अक्षर उभं करत.
त्रीनूने वाचून दाखवलं :
‘सापडला. वाट पाहत होतो.’

अंगणात येऊन त्याने बोट गोल फिरवलं.
वळा.
गोठ्याच्या दाराला कपाळ टेकून
आम्ही दोघं, डोळ्यांवर तळवे,
लाकडाला दुधाचा आंबूस वास.
किती वर्षांनी राज्य माझ्यावर आलं होतं!
मी मोठ्याने मोजू लागले, मराठीत.
एकोणसत्तरला अडखळले,
एकोणसाठवर परत आले,
पुन्हा चढले. मागे कुठेतरी
दगडावर दगड वाजला, मग नाही वाजला.
शंभर.

वळलो तेव्हा तो पंपापाशी हात धूत होता,
चेहरा अगदी साळसूद,
ढगांकडे बघत.